दुसऱ्यांच्या दुर्बिणींत : रामन संशोधन संस्था आणि बेंगळुरूचे रेडिओ खगोलशास्त्र

सदाशिवनगरातल्या रामन संशोधन संस्थेला बेंगळुरूत कोणी दुर्बिणींची संस्था म्हणत नाही. नाव ऐकले की सर चंद्रशेखर वेंकट रामन डोळ्यांपुढे येतात, त्यांचा फेटा, १९३० चे नोबेल, फार तर त्यांनी जमवलेले हिरे आणि खनिजे. बनशंकरीसारख्या दक्षिणेकडच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना मेखरी सर्कल ठाऊक असते ते विमानतळाच्या वाटेवरची वाहतूककोंडी म्हणून. त्या चौकाजवळच्या झाडीत गेली पन्नास वर्षे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकण्याचे काम चालले आहे, हे सांगावे लागते. जुन्नर तालुक्यातले खोडद, मॉरिशस बेट, पश्चिम ऑस्ट्रेलियाचे ओसाड माळरान, अमेरिकेतले ग्रीन बँक, इतक्या ठिकाणच्या दुर्बिणींत या संस्थेत बनवलेली यंत्रे बसली. त्यांपैकी एकाही दुर्बिणीच्या नावात रामन नाही, बेंगळुरूही नाही. स्मरणिकेसाठी शहरातल्या एका संस्थेचा इतिहास लिहायचा ठरला तेव्हा हीच संस्था निवडण्याचे ते एक कारण. दुसरे कारण म्हणजे तिला हे वळण लावणारे वेंकटरामन राधाकृष्णन. रामन यांचे धाकटे चिरंजीव, ही ओळख खरी आहे. पण तेवढ्यावर थांबले तर त्यांच्यावर अन्याय होतो.

संस्थेचा पहिला अध्याय रामन यांचा, आणि तो बऱ्याच जणांना माहीत असल्यामुळे थोडक्यात. १९३४ मध्ये रामन यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि म्हैसूरच्या महाराजांनी तिला जागा दिली. त्याच जागेवर, भारतीय विज्ञान संस्थेतून निवृत्त होताना म्हणजे १९४८ मध्ये, त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभी केली. पैसा लोकांकडून मागून आणला. शिवाय १९४३ मध्ये काडेपेटीच्या कारखान्यांना लागणारी रसायने बनवणारी एक कंपनी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्रावणकोरात काढली होती. तिच्या उत्पन्नाचाही हातभार लागला. सरकारी अनुदान मात्र त्यांना नको होते. अनुदान आले की अहवाल आले, अहवाल आले की आपण काय करावे हे दुसरा सांगणार, हा त्यांचा हिशेब. हिशेब चुकीचा नव्हता. फक्त तो त्यांच्याएवढ्या मोठ्या माणसालाच परवडणारा होता. त्यामुळे संस्था म्हणजे रामन आणि रामन म्हणजे संस्था, असे बावीस वर्षे चालले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यसंस्कार संस्थेच्या आवारातच झाले, आणि त्या जागी स्मारकाचा चौथरा न बांधता एक झाड लावले गेले.

मागे राहिली ती इमारत, खनिजांचा संग्रह, बाग आणि एक अवघड प्रश्न. एका माणसासाठी बांधलेली संस्था तो माणूस गेल्यावर चालवायची कशी? १९७२ मध्ये संस्थेची नवी घडी बसली. ज्या सरकारी पैशाला रामन नाही म्हणत आले होते तो विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडून येऊ लागला. कारभार मात्र स्वायत्त राहिला. संचालक म्हणून राधाकृष्णन यांना बोलावले. वडिलांच्या गादीवर मुलगा बसला, असे त्या वेळी कुणाच्या मनात आले असेल तर नवल नाही. पण हा मुलगा वडिलांच्या विषयातला नव्हता, वडिलांच्या स्वभावाचाही नव्हता, आणि पीएचडी तर त्याने केलीच नव्हती.

राधाकृष्णन यांचा जन्म १८ मे १९२९ चा, मद्रासमधला. वाढले बेंगळुरूत, पदवी म्हैसूर विद्यापीठाची. भारतीय विज्ञान संस्थेत काही काळ काम करून १९५५ मध्ये ते स्वीडनला, गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठात गेले. रेडिओ खगोलशास्त्र तेव्हा अगदी कोवळे होते. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेले अभियंते युद्ध संपल्यावर तीच उपकरणे आकाशाकडे वळवून बसले होते. स्वीडिश मंडळींकडेही युद्धातून उरलेल्या जर्मन रडारच्या थाळ्या होत्या. त्या वातावरणात राधाकृष्णन यांच्या हाताला जे वळण लागले ते कायमचे. आपला रिसीव्हर आपण बनवायचा, बिघडला तर आपणच उघडायचा, आणि कुठला आवाज आकाशातला आणि कुठला आपल्याच तारांतला, हे कळल्याशिवाय बोलायचे नाही.

१९५९ मध्ये ते कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत, कॅलटेकला गेले. तिथल्या ओवेन्स खोऱ्यात ९० फुटी दोन थाळ्यांचा जोड नुकता उभा राहत होता. जेम्स रॉबर्ट्स यांच्याबरोबर त्यांनी गुरू ग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरी मोजल्या. त्या लहरींचे उगमक्षेत्र ग्रहाच्या बिंबापेक्षा बरेच मोठे निघाले आणि लहरी ध्रुवीकृत होत्या. याचा सरळ अर्थ असा की गुरूभोवती चुंबकीय क्षेत्र आहे आणि त्यात वेगवान विद्युतकणांचे पट्टे अडकलेले आहेत. पृथ्वीभोवतीचे असे पट्टे सापडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती, आणि गुरूजवळ यान पोचायला अजून तेरा वर्षे होती. हा निबंध १९६० चा.

तिथून ऑस्ट्रेलिया. १९६५ मध्ये ते सिडनीच्या रेडिओभौतिकी प्रयोगशाळेत रुजू झाले, आणि तिथवरचा समुद्रप्रवास त्यांनी स्वतःच्या शिडाच्या नौकेतून केला. पुढे बेंगळुरूतही त्यांनी हँग ग्लायडर बनवले, उडवले. हलकी विमाने आणि नौका हा त्यांचा जन्मभराचा नाद. ओळखीचे सगळे त्यांना नुसते ‘राड’ म्हणत. या छंदांच्या गोष्टी बेंगळुरूत अजून रंगवून सांगितल्या जातात, पण त्यांत विज्ञानाच्या दृष्टीने काही गमतीचे असेल तर ते एवढेच की कापड, नळ्या, दोर आणि वारा यांच्याशी झगडणारा हात आणि अँटेना उभारणारा हात एकच होता.

सिडनीतल्या काळातच त्यांचे सर्वांत मोठे काम झाले. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदक सापडला. आकाशातल्या एका बिंदूतून घड्याळाच्या नियमाने रेडिओ ठोके येत होते. ते येतात कशातून, यावर १९६८ भर वाद चालला. तारा आकुंचन-प्रसरण पावतो म्हणावे, जोडतारे एकमेकांभोवती फिरतात म्हणावे, की एकच तारा स्वतःभोवती गिरक्या घेतो म्हणावे? त्याच वर्षी दक्षिण आकाशात, शिडे या तारकासमूहात, सेकंदाला अकरा ठोके देणारा स्पंदक सापडला. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी पार्क्सच्या ६४ मीटर थाळीने त्याच्या प्रत्येक ठोक्याच्या आत डोकावून पाहिले. ठोका सुरू होतो तेव्हा लहरींच्या ध्रुवीकरणाची दिशा एक असते, आणि ठोका संपेपर्यंत ती सलगपणे, एका सुबक वळणाने, फिरलेली असते. आलेखावर इंग्रजी एस अक्षरासारखी रेघ उमटते. डेव्हिड कुक यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये याचा अर्थ लावला. ताऱ्याचा चुंबकीय ध्रुव आपल्या नजरेसमोरून सरकत जातो, ध्रुवातून बाहेर पसरणाऱ्या चुंबकरेषा आपल्याला क्रमाने वेगवेगळ्या कलांतून दिसतात, आणि त्या रेषांचा कल म्हणजेच ध्रुवीकरणाची दिशा. म्हणजे तारा फिरतोच आहे, आणि प्रारण ध्रुवाजवळून येते. स्पंदकांच्या अभ्यासात आजही प्रत्येक विद्यार्थी हीच रेघ बसवून ताऱ्याचा अक्ष आणि चुंबकीय अक्ष यांतला कोन काढतो.

त्याच वर्षी रिचर्ड मँचेस्टर यांच्याबरोबर आणखी एक अनपेक्षित गोष्ट हाती लागली. स्पंदक हळूहळू मंदावत जातात, हे कळलेले होते. पण फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या आरंभापर्यंतच्या एका आठवड्यात हा स्पंदक अचानक वेगाने फिरू लागला. फरक किती, तर दोन ठोक्यांतले अंतर सेकंदाच्या सुमारे पन्नास लाखाव्या भागाने कमी झाले. अमेरिकेतल्या एका गटालाही तेच दिसले. न्यूट्रॉन ताऱ्याच्या, म्हणजे स्पंदकाच्या, पोटात काय आहे, हे सांगणारी ही पहिली खिडकी. अशा उड्यांचा अभ्यास ही आज खगोलशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे.

असे काम पाठीशी असलेला माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी बेंगळुरूला आला तेव्हा इथे रेडिओ दुर्बीण नव्हती, एकही नाही. ती गोविंद स्वरूपांकडे होती. दोघांचे जन्मसाल एकच, १९२९. दोघेही सिडनीच्या त्याच प्रयोगशाळेतून गेलेले. स्वरूपांनी सिडनीहून भेट मिळालेल्या ३२ छोट्या थाळ्या १९६५ मध्ये आपल्या कल्याणला उभ्या केल्या, १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पुरी केली, आणि पुढे खोडदचा प्रकल्प हाती घेतला. स्वरूप दुर्बिणी उभारणारे होते आणि एकेका दुर्बिणीसाठी दशक खर्ची घालणारे. राधाकृष्णन यांचा पिंड तसा नव्हता. त्यांनी माणसे गोळा केली, त्यांच्या हाती सोल्डरिंगचे हत्यार दिले आणि दुसऱ्यांच्या दुर्बिणींवर काम करायला पाठवले. संस्थेच्या सुरुवातीच्या प्रबंधांपैकी के. आर. अनंतरामय्या यांचे काम पाहावे. आकाशगंगेच्या प्रतलातल्या विरळ, आयनीभूत वायूकडून येणाऱ्या वर्णरेषा त्यांनी मोजल्या त्या उटीच्या दुर्बिणीवर. आपल्याकडे संस्थेची प्रतिष्ठा तिच्या दारात उभ्या असलेल्या यंत्रावरून मोजायची सवय आहे. या संस्थेने ती मोडली, आणि त्याचे श्रेय संचालकाला द्यायला हवे.

याला एक अपवाद आहे. संस्थेच्याच आवारात १०.४ मीटर व्यासाची, मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपणारी थाळी उभारली गेली. आराखडा कॅलटेकच्या रॉबर्ट लेटन यांचा. अशा लहरी टिपायच्या तर थाळीचा पृष्ठभाग केसाच्या जाडीइतकाही चुकून चालत नाही, आणि हवेतली वाफ या लहरी गिळून टाकते. जगात अशा दुर्बिणी उंच, कोरड्या डोंगरांवर असतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, पावसाळा भरपूर. तिने तंत्रज्ञ घडवले, काही चांगली निरीक्षणेही दिली. पण तिच्यावर झालेली मेहनत आणि तिचे विज्ञान यांचा ताळमेळ बसला असे मला वाटत नाही. ती आता वापरात नाही.

खरी संस्था घडली ती शहरापासून शंभर किलोमीटर उत्तरेला, गौरीबिदनूरला. दोड्डबळ्ळापूर मागे टाकून पुढे गेले की डोंगरांच्या कुशीत हा तालुका लागतो. आज तो चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात, तेव्हा कोलार जिल्ह्यात होता. १९३८ मध्ये ध्वजसत्याग्रहावर गोळीबार झाला ते विदुराश्वत्थ इथलेच. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे एच. नरसिंहय्या मूळचे याच तालुक्यातल्या होसूरचे. १९६२ पासून दर आठवड्याला जाहीर विज्ञानव्याख्याने भरवणारा बेंगळुरू सायन्स फोरम त्यांनीच सुरू केला आणि बनशंकरीतली कित्येक घरे तिथे चालत जात. भाभा अणुसंशोधन केंद्राने भूकंप आणि भूगर्भातले अणुस्फोट टिपणारी यंत्रे गौरीबिदनूरला १९६५ मध्येच बसवली होती. शांत जागा म्हणून ती निवडली गेली, आणि डोंगरांमुळे शहरी रेडिओ गोंगाट अडत असल्याने आकाशवाल्यांनाही ती सोयीची पडली.

इथली दुर्बीण १९७६ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि रामन संस्था यांनी मिळून उभी केली. पुढाकार खगोलभौतिकी संस्थेच्या सीएच. व्ही. शास्त्री यांचा. दुर्बीण म्हटल्यावर थाळी शोधायला गेलात तर निराश व्हाल. खांबांच्या रांगांवर ताणलेल्या तारा, एवढेच दिसते. इंग्रजी टी अक्षराच्या आकारात एक हजार डायपोल, म्हणजे तारांच्या साध्या अँटेना. पूर्व-पश्चिम बाहू जवळपास १.४ किलोमीटर, त्यावर ६४०, आणि दक्षिणेकडच्या अर्धा किलोमीटरच्या बाहूवर ३६०. वारंवारता ३४.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे एक लहर जवळपास पावणेनऊ मीटरची.

या आकड्यातच सगळी गोम आहे. इतक्या लांब लहरींसाठी पृष्ठभाग वीतभर इकडे-तिकडे झाला तरी फरक पडत नाही, म्हणून तारा आणि खांब चालतात. या वारंवारतेला आपल्या आकाशगंगेचाच आवाज इतका मोठा असतो की आकाशाचे रेडिओ तापमान दहा हजार केल्विनच्या वर जाते, म्हणून द्रव हेलियमने थंड केलेला, लाखो रुपयांचा, परदेशी रिसीव्हर लावून काही मिळत नाही. बाजारात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरचा साधा रिसीव्हर तेवढाच उपयोगी. पैसा कमी आणि हात भरपूर, अशा देशाने नेमके कोणते विज्ञान निवडावे, याचे याहून शहाणपणाचे उत्तर त्या दशकात मला दिसत नाही. अर्थात ही सोय फुकट नाही. एवढ्या कमी वारंवारतेला आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, लहरी वाकवतो, सूर्य खवळलेला असला तर विचारूच नका, आणि दूरदेशांची प्रक्षेपणे आयनांबरावरून उसळी मारून थेट तारांवर येतात. शिवाय सगळी गणिते करणारा संगणक त्या काळी दुर्मीळ. दुर्बीण हलत नाही. डायपोलांकडून येणाऱ्या तारांच्या लांबीत फेरफार करून तिची नजर उत्तर-दक्षिण वळवायची आणि पृथ्वी फिरेल तसे आकाश समोरून सरकू द्यायचे.

या चिकाटीचे फळ १९९० मध्ये मिळाले. के. एस. द्वारकानाथ आणि एन. उदयशंकर यांनी ३४.५ मेगाहर्ट्झवरचा आकाशाचा नकाशा प्रसिद्ध केला. उत्तरेच्या ७० अंशांपासून दक्षिणेच्या ५० अंशांपर्यंतचे सारे आकाश त्यात आहे, आणि बारकावा साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या बिंबाएवढा. अर्ध्या अंशाचा ठिपका म्हणजे फार मोठे कर्तृत्व नाही, असे वाटेल. पण दहा मीटरच्या आसपासच्या लहरींत आकाशाचा एवढा भाग एवढ्या नीटपणे दाखवणारे नकाशे तेव्हा जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नव्हते. 

आता मराठी वाचकांसाठी दोन नावे. अविनाश देशपांडे हे रामन संस्थेतले स्पंदकांचे अभ्यासक. आकाश सरकू देणाऱ्या या दुर्बिणीला एकाच ताऱ्याचा काही काळ पाठलाग करता यावा म्हणून जी जोडणी झाली तिच्यात त्यांचा हात होता, आणि १९९२ मध्ये राधाकृष्णन यांच्याबरोबर त्यांनी गौरीबिदनूरहून टिपलेल्या स्पंदकांवर निबंध लिहिला. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या जोआना रँकिन यांच्याबरोबर त्यांनी एका स्पंदकाचे ठोके इतक्या बारकाईने उलगडले की ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवाभोवतीचे चित्रच समोर आले. ध्रुवाभोवती वीस प्रकाशमान ठिपक्यांचे कडे आहे आणि ते जत्रेतल्या चक्रीपाळण्यासारखे सावकाश फिरते. तारा स्वतःभोवती सुमारे सदतीस गिरक्या घेतो तेव्हा कड्याची एक फेरी पुरी होते. ही निरीक्षणे पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या, ३०५ मीटर व्यासाच्या अजस्र थाळीची होती. मग प्रश्न आला की हेच चित्र खालच्या वारंवारतेलाही दिसते का. कारण कमी वारंवारतेच्या लहरी ताऱ्याच्या पृष्ठभागापासून अधिक उंचीवर उगम पावतात असे मानतात. उत्तर मिळाले खांबांवरच्या तारांतून. आशिष आसगेकर आणि देशपांडे यांनी गौरीबिदनूरच्या ३५ मेगाहर्ट्झच्या नोंदींतून २००१ मध्ये दाखवून दिले की तिथेही ठिपके वीसच निघतात. अरेसिबोच्या निष्कर्षावर गौरीबिदनूरने स्वतंत्रपणे शिक्कामोर्तब केले.

खगोलभौतिकी संस्थेने त्याच आवारात १९९७ मध्ये सूर्याचे रेडिओ चित्र काढणारी यंत्रणा उभी केली. सूर्यकिरीटातली वादळे ती ४० ते १५० मेगाहर्ट्झमध्ये पाहते. तो स्वतंत्र इतिहास आहे आणि तो त्या संस्थेने सांगावा.

राधाकृष्णन १९९४ पर्यंत संचालक होते. त्या बावीस वर्षांत संस्था एका विषयाची राहिली नाही, हेही नोंदवायला हवे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक इथेच शोधले, आणि तो शोध अनेकांच्या मते संस्थेतला सर्वांत मोलाचा. सिद्धांताच्या बाजूला राजाराम नित्यानंद होते, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले. बेंगळुरूहून पुण्याकडे नुसती माणसे गेली नाहीत. यंत्रेही गेली.

खोडदची दुर्बीण आपल्याकडच्या बहुतेकांनी निदान नारायणगावला जाता-येता पाहिलेली असते. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. चौदा मधल्या चौकात, सोळा तीन दिशांना पसरलेल्या. प्रत्येक थाळीच्या नाभीशी एक फिरता घनाकार सांगाडा आहे आणि त्याच्या चार बाजूंना वेगवेगळ्या वारंवारतेच्या लहरी गोळा करणारे फीड बसवलेले आहेत. ज्या वारंवारतेला हायड्रोजनचा अणू बोलतो ती १४२० मेगाहर्ट्झ. दीर्घिकांतला हायड्रोजन मोजायचा म्हणजे याच फीडमधून. तो फीड आणि त्यामागचा मूळ रिसीव्हर रामन संस्थेत घडला, एक नव्हे, तीसही थाळ्यांसाठी. प्रयोगशाळेत एक नमुना उत्तम बनवणे वेगळे, आणि ऊन-पावसात उघड्यावर वर्षानुवर्षे टिकतील असे तीस एकसारखे संच बनवणे वेगळे. पहिल्यासाठी हुशारी पुरते. दुसऱ्यासाठी चांगली कार्यशाळा लागते, आणि ती या संस्थेकडे होती. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये रतन टाटा यांच्या हस्ते खोडदची दुर्बीण जगभरच्या वैज्ञानिकांना खुली झाली. त्या दिवशीच्या बातम्यांत बेंगळुरूच्या फीडविषयी लिहायला कुणाला सवड होती असे वाटत नाही.

मॉरिशसची कथा गौरीबिदनूरचीच पुढची पिढी. दक्षिण आकाशाचा नकाशा काढायचा तर विषुववृत्ताच्या खाली जायला हवे. म्हणून मॉरिशस विद्यापीठ आणि बेंगळुरूच्या दोन्ही संस्था यांनी मिळून ब्रा-दो इथे टी आकाराचीच दुर्बीण उभी केली. पूर्व-पश्चिम बाहूवर पेचदार अँटेनांची रांग, आणि दक्षिण बाहूवर सगळ्या अँटेना एकदम बसवण्याऐवजी रुळांवरून सरकणाऱ्या गाड्यांवर थोड्याच अँटेना ठेवल्या. आज इथे मोजा, उद्या पुढे ढकला, परवा आणखी पुढे. शेवटी सगळ्या दिवसांच्या नोंदी जोडल्या की पूर्ण बाहूची दुर्बीण तयार. वेळ लागतो, पण वेळ हा आपल्याकडचा स्वस्त माल. त्यानंतर ग्रीन बँकच्या महाकाय थाळीसाठी एकाच वेळी अनेक पट्ट्यांत स्पंदक टिपणारा रिसीव्हर देशपांडे यांच्या गटाने बनवून नेला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनच्या दुर्बिणीचे डिजिटल रिसीव्हरही बेंगळुरूचे. ती दुर्बीण २०१३ पासून चालू आहे आणि तिच्या १२८ अँटेनासंचांकडून येणारा प्रत्येक संकेत या रिसीव्हरमधूनच पुढे जात होता.

राधाकृष्णन ३ मार्च २०११ रोजी बेंगळुरूत वारले. त्यांच्यानंतरच्या पिढीने जे केले ते त्यांना आवडले असते असा माझा अंदाज आहे, कारण त्यात पुन्हा दुर्बीण नाही, एकच अँटेना आहे.

विश्वातले पहिले तारे पेटले तेव्हा भोवतालच्या हायड्रोजनने पार्श्वभूमीच्या रेडिओ प्रारणातला अगदी थोडा भाग शोषला असणार. तो खड्डा आज शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास किंवा त्याखाली दिसायला हवा. पण तो असेल एका केल्विनच्या लहानशा भागाएवढा आणि त्या वारंवारतेला आकाशगंगेचा आवाज हजारो केल्विनचा. २०१८ मध्ये एका अमेरिकी गटाने ऑस्ट्रेलियातून जाहीर केले की ७८ मेगाहर्ट्झला असा खड्डा दिसला आणि तो अपेक्षेपेक्षा दुप्पट खोल आहे. जगभर खळबळ उडाली. त्याची कारणे सांगायला कृष्णद्रव्याचे नवे सिद्धांत मांडले गेले. रामन संस्थेत रवी सुब्रह्मण्यन आणि सहकारी याच मोजणीसाठी ‘सरस’ नावाची अँटेना आधीपासून घडवत होते. तिची एक आवृत्ती त्यांनी आंध्रातल्या तिंबक्टूच्या माळावर ठेवून पाहिली होती. अडचण अँटेनाखालच्या जमिनीची होती. माती, खडक आणि ओल यांचे थर सगळीकडे सारखे नसतात. लहरी त्यांवरून परततात आणि मोजणीत नसलेले खड्डे दाखवतात. तोड निघाली ती कर्नाटकातच. अँटेना तराफ्यावर ठेवून पाण्यात सोडायची, कारण खोल, स्थिर पाण्याइतकी एकसारखी जमीन दुसरी नाही. २०२० च्या पहिल्या महिन्यांत दंडिगनहळ्ळीच्या तळ्यात आणि शरावतीच्या जलाशयाच्या फुगवट्यात हा तराफा तरंगत होता. मार्चअखेर टाळेबंदी आली. नोंदींचे विश्लेषण करून सौरभ सिंह आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये निष्कर्ष छापला. अमेरिकी गटाला दिसलेला तो खड्डा सरसला ९५.३ टक्के खात्रीने दिसत नाही. नव्या भौतिकीची गरज नसावी. गोंधळ उपकरणाचाच असावा.

आता पुढची अडचण. याच मोजणीच्या वाटेत पृथ्वीवर सगळीकडे एफएम केंद्रे आहेत, ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. शरावतीच्या काठीही ती पोचतात, आणि वर आयनांबर आहेच. त्यामुळे संस्थेत ‘प्रत्युष’ या नावाने असे उपकरण तयार होत आहे की जे चंद्राभोवती फिरेल आणि पृथ्वीकडे पाठ असलेल्या बाजूला असताना, पृथ्वीवरच्या सगळ्या केंद्रांना चंद्राने झाकलेले असतानाच, ही मोजणी करील. अँटेना आणि रिसीव्हर संस्थेचे, कक्षेपर्यंत नेणारे यान अर्थातच दुसऱ्याचे.